बळी म्हणजे देवाला लाच? (कालच्या ‘बोकड कापा, पाप फेडा’ला उत्तर)

ओटीवरचा:
काल एकाने लिहिलं, ‘प्राचीन इस्राएलात पाप करायचं, बोकड कापायचा, मोकळं व्हायचं.’ खाली वाहवा! बायबलातलं बळींच्या नियमांचं पुस्तक, लेवीय, उघडलंय का कोणी? चौथ्या अध्यायातलं पापार्पण नकळत झालेल्या चुकीचं. उद्दामपणे केलेल्या पापाला ते चालतच नाही, बायबलातलंच गणना हे पुस्तक, अध्याय 15 बघा. फसवून पैसे लाटले? आधी ज्याचे त्याला परत, वर पाचवा हिस्सा, मग मेंढा. दोन पारवेही परवडत नसतील त्याने एफाचा (धान्याचं जुनं माप) दहावा हिस्सा सपीठ आणायचं. लाचखाऊ एवढी सूट देतो होय? आणि रक्त लागतं वेदीच्या शिंगांना, म्हणजे कोपऱ्यांवरच्या टोकांना, माणसाला नाही. लेवीयचे अभ्यासक जेकब मिलग्रोम म्हणतात तेच मला पटतं: विटाळ पवित्रस्थानाला चिकटतो, रक्ताने ते धुतात.

तर्कटराव:
माणसाला नाही? लेवीय, अध्याय 14: रक्त कुष्ठरोग्याच्या उजव्या कानाच्या पाळीला लावतात. वाचा आधी.

ओटीवरचा:
ते दोषार्पणाचं, म्हणजे भरपाईच्या बळीचं रक्त. पण हो, ‘माणसाला नाही’ सरसकट म्हणायला नको होतं. झालं समाधान?

तर्कटराव:
नाही. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात, 6:6 मध्ये, देवच म्हणतो, यज्ञ नको, दया हवी. आतल्यांनाच वीट आला होता, तुम्ही कसली वकिली करताय?

आजोळ_अलिबाग:
तुम्ही दोघं रक्तातच अडकलात. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. यरुशलेमचं मंदिर सन 70 मध्ये पडलं, तेव्हापासून बळी बंद. घरी नवस फेडायचा तर मलिदा. आजी पोहे भिजवून परातीत पसरायची, वर गूळ, ओलं खोबरं, वेलची. मला खोबरं खवायला बसवायची आणि तोंडात टाकलं की हातावर फटका! लेवीयमधलं शांत्यर्पणही असंच, वाटून खायचा बळी. चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकाला, म्हणजे पुजाऱ्याला, बाकी घरच्यांनी खायचं. आभाराचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं.

तर्कटराव:
मलिदा! शब्दच बोलतो. आमच्या कचेरीत मलिदा कोण खातो ते सांगू का? सातबाऱ्यासाठी मी चार खेपा घातल्यात.

आजोळ_अलिबाग:
सातबारा गेला खड्ड्यात. आजीच्या परातीची चेष्टा करू नका.

तर्कटराव:
बरं, माफ करा. पण वेदीवर मध जाळायला बंदी, लेवीय 2. मग गूळ कसा चालतो?

आजोळ_अलिबाग:
अहो, जाळत नाही, खातो!

पोहेप्रेमी:
गूळ नव्हे, साखर. आमच्या शेजारच्या मावशी साखरच घालायच्या.

आजोळ_अलिबाग:
मुंबईत घालत असतील.

ओटीवरचा:
धागा बळींचा होता.

तर्कटराव:
चला, लाच नाही, दंड म्हणतो. त्यापुढे सरकणार नाही. गुळाचं मात्र पटलं.