मायएस्क्यूएल ५.६ : यूजरनेम १६ अक्षरांच्या वर जात नाही, कॉलम वाढवला तर चालेल का?

क्वेरीवेडा : मंडळी, जुन्या सर्व्हरवर मायएस्क्यूएल या डेटाबेसचं ५.६ व्हर्जन आहे आणि आमचं ॲप प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा डेटाबेस यूजर बनवतं, आधी क्लायंटचं नाव, मग डिपार्टमेंट, मग रीडओन्ली, मधे अंडरस्कोर. नाव १६ अक्षरांच्या पुढे गेलं की नवा यूजर बनवणारी क्रिएट यूजर कमांड सरळ एरर १४७० (नाव फार लांब) फेकते. अपग्रेड होणार आहे पण कधी ते देव जाणे. तोपर्यंत मायएस्क्यूएलच्या स्वतःच्या यूजर टेबलमधला नावाचा कॉलम अल्टर करून ६४ चा केला तर? एकाने सुचवलंय, पण प्रॉडक्शन आहे म्हणून आधी विचारतोय.

टर्मिनलबाबा : अजिबात करू नका. कॉलम रुंद होईल, नाव काही लांब होणार नाही. ती मर्यादा सर्व्हर आणि क्लायंट दोघांच्या कोडमध्येच पक्की बसवलेली आहे, टेबल बदलून ती फिरत नाही असं मॅन्युअलमध्येच लिहिलंय. ५.७.८ पासून ३२ झालीये, मायएस्क्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीत त्याहूनही जास्त आहे. आणि अपग्रेड कराल तेव्हा रेप्लिकेशन (मास्टर सर्व्हरवरचे बदल स्लेव्ह म्हणजे कॉपी सर्व्हरवर आपोआप जाणं) असेल तर आधी सगळे स्लेव्ह नव्या व्हर्जनवर न्या, नाहीतर मास्टरवर २० अक्षरांचा यूजर बनवाल आणि ५.६ च्या स्लेव्हवर तेच स्टेटमेंट फेल होऊन बसेल.

इंडेक्सवाली : मुळात यूजरनेममध्ये एवढी माहिती कोंबायचीच कशाला? ॲपमध्ये क्लायंटच्या प्रत्येक डिपार्टमेंटचा न्यूमेरिक आयडी असेलच ना, तो घ्या, पुढे एक अक्षर, मागे रीडसाठी आर किंवा राइटसाठी डब्ल्यू, झालं, दहा अक्षरांत बसतं. पूर्ण नाव कुणाचं ते ॲपच्या टेबलमध्ये ठेवा. नुसतं नाव १६ वर कापू नका हं, एकाच क्लायंटच्या दोन डिपार्टमेंटची पहिली १६ अक्षरं सहज सारखी येतात. अगदीच नाव दिसायला हवं असेल तर पहिली सात अक्षरं, अंडरस्कोर आणि पूर्ण नावाच्या हॅशमधली (नावावरून गणिताने काढलेल्या कोडमधली) आठ अक्षरं, बरोब्बर १६. पुढे ८.०.२१ किंवा त्यावरच्या व्हर्जनवर गेलात की क्रिएट यूजरमध्ये कमेंट लिहिता येते, पूर्ण नाव तिथे टाका.

हत्तीप्रेमी : पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जायचा विचार असेल तर तिथेही लिमिट आहे बरं, ६३ बाइट, अक्षरं नाही. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये ३ बाइट खातं, मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते, म्हणजे २१ चिन्हांत खेळ खल्लास. आणि ते एरर देत नाही, नोटीस देऊन नाव कापतं. स्क्रिप्टमध्ये नोटीस कोण वाचतं! मग तशाच सुरुवातीचा दुसरा रोल (तिथे यूजरला रोल म्हणतात) बनवायला गेलं की तो आधीच आहे म्हणतं, आणि माणूस शोधत बसतो की हा बनवला कुणी.

क्वेरीवेडा : आयडीवालं पटलं, तेच करतो. १६ च्या आत बसलेले जुने यूजर पण त्याच पद्धतीत आणायचेत, नाव बदलणाऱ्या रिनेम यूजर कमांडने होईल ना? परवानग्या जातील का?

टर्मिनलबाबा : परवानग्या नव्या नावावर येतात, त्याची काळजी नको. पण व्ह्यू, प्रोसीजर, ट्रिगर, इव्हेंट यांचा डिफायनर (ज्याच्या नावाने ते बनले तो यूजर) जुन्याच नावावर राहतो आणि तो यूजर आता नाही म्हणून चालवताना एरर येतो. आधी इन्फर्मेशन स्कीमामध्ये (डेटाबेसची स्वतःची माहिती असलेली टेबलं) डिफायनर कॉलम बघून यादी काढा. रीडओन्ली यूजरने असलं काही बनवलेलं नसणार, राइटवाले मात्र एकेक तपासा.