मदत हवी आहे: चॅटजीपीटीच्या जमान्यात प्रोजेक्टची तोंडी घ्यायची कशी?

कोल्हापुरात बीएच्या शेवटच्या वर्षाला इतिहास शिकवतो. शाहू महाराजांच्या 1902 च्या 50 टक्के आरक्षणाच्या जाहीरनाम्यावर प्रोजेक्ट दिला, तर निम्म्या पोरांचं तेच गुळगुळीत ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’. हातानं लिहायला लावलं तर मोबाईल समोर धरून उतरवून काढतात. एआयनं लिहिलेलं ओळखणारा डिटेक्टर नका सुचवू, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं स्वतःचाच 2023 मध्ये अचूक नाही म्हणून बंद केला. तोंडी घेतली तेव्हा मात्र एकानं आजोबा बोर्डिंगात राहून कसे शिकले ते असं सांगितलं की नादखुळा, आणि लिखाणात त्यातली एक ओळ नाही! पण वर्ग 80 चा, घेणारा मी एकटा, बरीच पोरं गगनबावड्याच्या एसटीनं येतात त्यामुळं चारनंतर थांबत नाहीत. माणशी पाच मिनिटांत पोराला खरंच काय कळलंय ते काढायला तुम्ही नेमकं काय विचारता, आणि मार्क कशावर देता?