बाजाच्या गाडीचं पुढचं उजवं चाक लॉकच होईना, ब्रेक टेस्टच्या आधी काय काय बघू?

वेल्डर_सांगली
नमस्कार मंडळी. यंदा आमची टीम बाजाला (कॉलेजच्या पोरांनी स्वतः बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) चाललीये, पीथमपूरला. गाडी सगळी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनवलीये, रोल केज, ए-आर्म (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे), नकल (चाकाचा हब बसतो तो भाग) सगळं आपलंच, विकतचं म्हणजे इंजिन, सीव्हीटी (पट्ट्याचा ऑटोमॅटिक गिअर), टायर आणि ब्रेकचा माल. ब्रेकला मारुती ८०० चा टॅन्डम मास्टर सिलिंडर (एकात दोन पिस्टन, दोन सर्किटसाठी; बोअर म्हणजे आतला व्यास मोजला तर १९ मिमीच्या आसपास), पुढे दोन्ही चाकांना बाईकचे सिंगल पिस्टन कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), पिस्टन ३० मिमी, डिस्क १८० ची. मागे गिअरबॉक्सच्या आऊटपुटला एकच इनबोर्ड (चाकात नाही, आत बसवलेली) डिस्क. पेडल रेशो (पायाचा जोर पेडल किती पट करतं तो) ५.

आता प्रॉब्लेम असा की वर्कशॉपमागच्या डांबरी रस्त्यावर गाडी पळवून कचकन ब्रेक मारला की मागची दोन्ही चाकं लगेच लॉक होतात, पुढचं डावं कधी होतं कधी नाही, आणि उजवं मस्त फिरतच राहतं. पेडलही जरा स्पंजी लागतंय पण एअर काढून काढून हात दुखायला लागले. चारही चाकं लॉक झाल्याशिवाय ब्रेकचं स्टिकर मिळत नाही आणि स्टिकर नाही तर ट्रॅकवर सोडत नाहीत, हे सगळ्यांना माहितीच आहे. टीममध्ये दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर आणा, दुसरी म्हणते पेडल कापून रेशो वाढवा. निघायला फार दिवस नाहीत. काय करू?

इनबोर्डवाला
मोठ्या बोअरवाल्या पार्टीला आधी खाली बसव. बोअर मोठा केला की तेवढ्याच पायाच्या जोरात प्रेशर कमी होतं, पेडल कडक लागतं म्हणून लोकांना वाटतं ब्रेक सुधारला, उलटं असतं ते. लहान बोअर म्हणजे प्रेशर जास्त आणि पेडलचा प्रवासही जास्त. १९ चा काढून १५.८७ चा लावला तर प्रेशर दीडपटीच्या जवळ जातं. पण लगेच तिकडेही पळू नकोस, आधी हिशेब बघ.

तू वजनं दिली नाहीस म्हणून अंदाजाने धरतो. गाडी ड्रायव्हरसकट २४० किलो, पुढे ४० टक्के मागे ६०, व्हीलबेस १४०० मिमी, सीजी (गुरुत्वमध्य) जमिनीपासून ५५० मिमी वर. कोरड्या डांबरावर ग्रिप ०.८. जोरात ब्रेक मारला की साधारण ७५ किलो मागून पुढे सरकतं, म्हणजे पुढच्या एकेका चाकावर ८५ किलोच्या आसपास येतं आणि मागच्या एकेकावर जेमतेम ३५. म्हणून मागची चाकं फुंकर मारली तरी लॉक होतात आणि पुढची दमवतात, तुझ्या गाडीचं काही वेगळं नाही. पुढचं एक चाक लॉक करायला, टायरची त्रिज्या २८० मिमी धरली तर, १८८ न्यूटन मीटर टॉर्क लागतो.

आता तुझ्याकडे आहे किती? पायाचा जोर ३०० न्यूटन धरू, रेशो ५, म्हणजे मास्टर सिलिंडरवर १५००. त्यातून ५३ बारच्या जवळ प्रेशर. ३० च्या पिस्टनवर ते ३७०० न्यूटनला जातं, पॅडचं घर्षण ०.३५, दोन बाजू, डिस्कची इफेक्टिव्ह त्रिज्या ७५ मिमी. गुणाकार कर, १९५ येतो. लागतात १८८, आहेत १९५. कागदावर पास, जमिनीवर काठावर. त्यात पॅड नवे कोरे असतील, डिस्कला बसलेले नसतील तर ०.३५ कसले, ०.२५ मिळाले तरी खूप, मग हाच आकडा १४० वर येतो आणि चाक फिरत राहतं. पॅड बेड-इन केलेत का?

वेल्डर_सांगली
बेड-इन म्हणजे? पॅड टाकले, पळवली, ब्रेक मारला, एवढंच केलंय. आणि मग डावं-उजवं वेगळं का वागतंय? पॅड तर दोन्हीकडे एकाच दिवशी टाकलेत.

पाना_बारा_तेरा
भावा मी गॅरेजवाला हाय, ते न्यूटन बिटन मला कळत न्हाय, पण उजवीकडचंच का म्हणलास तर एक सांग. बाईकला कॅलिपर एकाच अंगाला असतो. तुम्ही पोरांनी एकाच मॉडेलचे दोन आणलेसा आणि दोन्ही चाकांना डिस्कच्या मागच्या अंगालाच बसवलेसा, बरोबर? मग डाव्या बाजूला एअरची निपल (एअर काढायचा बारका स्क्रू) वर आली असंल तर उजवीकडं ती खाली गेली असणार. जाऊन बघ आधी. निपल खाली असली की एअर वरच्या कोपऱ्यात जाऊन बसती, तू खालनं किती बी ऑईल काढ, दहा बाटल्या संपव, ती हलायची न्हाय. पेडल स्पंजी लागतंय म्हणालास ते त्याचंच.

इलाज सोपा हाय. कॅलिपर ब्रॅकेटवरनं सोड, पाईप तसाच राहू दे, दोन पॅडच्या मधी डिस्कच्या जाडीची पट्टी घाल नायतर पिस्टन भाईर येऊन हातात येईल. कॅलिपर हातात निपल वर करून धर आणि एअर काढ. हातानं हळू टॅप टॅप करत राहा, बारके बुडबुडे चिकटून बसत्यात. मग परत बसीव. कायमचा इलाज पायजे असंल तर उजवीकडचा कॅलिपर डिस्कच्या पुढच्या अंगाला घ्या, निपल आपोआप वर येती, पण मग नकल नवीन करावा लागंल आणि तेवढा येळ तुमच्याकडं न्हाय.

आणि मेडिकलमधनं ५० एमएलची सिरिंज आण. खालनं वर ऑईल ढकललं की एअर लवकर निघती, फकस्त रिझर्व्हायर भरून सांडणार न्हाय बघ, ब्रेक ऑईलनं रंग जातो.

इनबोर्डवाला
हे मी विचारायला हवं होतं, एकदम बरोबर पकडलंय.

बेड-इन म्हणजे नवा पॅड डिस्कवर घासून नीट बसवणं: आधी डिस्क ब्रेक क्लीनरने पूस, पॅडचा चकाकणारा थर पॉलिश पेपरने काढ. मग मोकळ्या जागेत गाडी बऱ्यापैकी स्पीडला नेऊन मध्यम जोराने ब्रेक मारत जवळजवळ थांबेपर्यंत आण, पूर्ण थांबवू नकोस, लगेच परत पळव. असं लागोपाठ करत राहा, डिस्क चांगली तापली पाहिजे, थोडा वास येईल. मग ब्रेक न लावता फिरवून गार होऊ दे. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभा राहू नकोस, पॅडचा ठसा बसतो एका जागी. डिस्कवर सगळीकडे सारखा राखाडी थर दिसला की झालं.

टेकवाले_काका
ब्रेक टेस्टचं चाललंय ते ठीक आहे, पण त्याआधीच्या स्टॅटिक तपासणीत बऱ्याच गाड्या अडकतात, त्यावर कोणी बोलतच नाही म्हणून लिहितो. दोन वेगळी सर्किट हवीत ही अट कशासाठी आहे? एक फुटलं तरी दुसऱ्याने गाडी थांबली पाहिजे. टॅन्डम लावला म्हणजे ती अट आपोआप पूर्ण झाली असं धरून चालू नका. हे स्वतः करून बघा: पुढची निपल सैल करा, नळी लावून बाटलीत सोडा, आणि पेडल दाबा. पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली जाईल, जायलाच हवं, कारण आतला एक पिस्टन आधी टेकेपर्यंत दुसऱ्यात प्रेशर येत नाही. आता जर तुमचा पेडल स्टॉप किंवा फूटवेलचा पत्रा त्याच्या आधीच आडवा आला तर मागचा ब्रेक लागणारच नाही. म्हणजे सर्किट दोन, काम एकाचंच. मग मागची निपल सोडून हेच उलट करा. नंतर परत एअर काढायची हे सांगायला नको.

दुसरं, पुशरॉडला एक-दोन मिलिमीटर फ्री प्ले ठेवा. पोरं पेडल टाईट वाटावं म्हणून रॉड घट्ट करून टाकतात, त्याने मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं, ऑईल गरम झालं की फुगतं आणि ब्रेक आपोआप धरायला लागतो. चार तासांच्या एन्ड्युरन्स रेसमध्ये मग इंजिनमध्ये दम नाही म्हणून सीव्हीटीला शिव्या घालत बसायचं.

बाकी भरभर सांगतो. बॅन्जो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर, एकदा दाबलेले परत वापरू नका, आणि टेफलॉन टेप तर अजिबात नको. बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर मार्किंग वाचता आलं पाहिजे, नटाबाहेर कमीत कमी दोन आटे दिसले पाहिजेत. डिस्कजवळ नायलॉक नट लावताना विचार करा, उष्णतेने नायलॉन मऊ पडतं, तिथे धातूचा लॉकनट किंवा सेफ्टी वायर बरी. प्लॅस्टिकची ब्रेक लाईन चालत नाही. होज बघताना गाडी जॅकवर घ्या, चाक पूर्ण खाली लोंबकळू द्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग चाक वर दाबून परत तेच. कुठे ताणतोय, कुठे ए-आर्मला घासतोय ते तेव्हाच कळतं, गाडी जमिनीवर उभी असताना सगळे होज छानच दिसतात.

आणि रूलबुक यंदाचंच वाचा, सीनियरने पाठवलेली जुनी पीडीएफ नको.

वेल्डर_सांगली
पाना दादा, पाया पडतो! उजवीकडची निपल खरंच खाली होती. कॅलिपर सोडून वर धरला तर निपलमधून फस्सकन फेस आला नुसता. पेडल आता अर्ध्यावरच दगडासारखं लागतं. बेड-इनही केलं. उजवं चाक आता लॉक होतंय, काळा पट्टा उमटला रस्त्यावर, पोरांनी फोटो काढले.

काकांची एक सर्किट सोडायची टेस्ट केली, पेडल स्टॉपला आपटत होतं, स्टॉप पुढे सरकवला.

पण आता डावं उशिरा लागतंय! आधी कधीतरी व्हायचं तेवढंच होतंय. म्हणजे आजार एका चाकातून दुसऱ्यात गेला की काय.

पाना_बारा_तेरा
आजार कुठं जात न्हाय, तो आधीपास्नं हुताच, उजवीकडचा मोठा हुता म्हणून दिसला न्हाय. एकाला पेडल दाबायला लाव आणि तू खाली वाकून डाव्या कॅलिपरकडं बघ. ब्रॅकेट वाकतोय का? कितीची प्लेट हाय?

वेल्डर_सांगली
४ मिमी. आणि हो, वाकतोय. डोळ्याला दिसतंय, कॅलिपर तिरका होऊन पॅड एका कडेलाच घासतोय. उजवीकडे आम्ही आधीच एक पट्टी मारली होती वेगळ्या कारणासाठी म्हणून तिकडे वाकत नसावा.

पाना_बारा_तेरा
मग झालं की. ६ ची प्लेट घे, मागनं तिरकी पट्टी मार, वेल्ड करताना कॅलिपर आणि पाईप काढून ठेव, गरम पाण्यागत उकळंल ऑईल. तिरका घासलेला पॅड पॉलिश पेपरवर सपाट करून घे नायतर नवा टाक.

इनबोर्डवाला
आणि नवा टाकलास तर परत बेड-इन, दोन्ही बाजूंना नवेच टाक. ते झालं की पेडल रेशो ५ चा ५.५ करायला हरकत नाही, काठावरचे १९५ वर जाऊन २१४ होतील. प्रवास थोडा वाढेल, स्टॉप परत तपास.

नवखा_नाशिक
मध्येच विचारतो, ब्रेक लाईटला पेडलखाली साधा पुश स्विच लावला तर चालतो का? आमचा तसाच आहे.

टेकवाले_काका
नाही. हायड्रॉलिक प्रेशर स्विच हवा, आणि प्रत्येक सर्किटला वेगळा. त्यासाठी लाईनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकायची असेल तर आत्ताच टाका, म्हणजे एअर एकदाच काढावी लागेल.