कोन्यात रूमींच्या कबरीपुढे हात जोडले, पण ते तर म्युझियम आहे ना?

माणदेशी_पाखरू:
नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात तुर्कस्तानला जाऊन आले. इस्तंबूल आणि कॅपाडोकियाबद्दल इथे भरपूर वाचायला मिळतं म्हणून त्यावर लिहीत नाही, पण कोन्याचा एक दिवस डोक्यातून जातच नाहीये. अंकाराहून फास्ट ट्रेनने पावणेदोन तासात पोचलो, सगळा सपाट गव्हाचा मुलूख, आणि मग गावात शिरल्यावर लांबूनच तो हिरवट निळा घुमट दिसतो. तेराव्या शतकातले सूफी संतकवी मौलाना जलालुद्दीन रूमी, त्यांची कबर त्याच्याच खाली. दारात बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या आणि आत जायचं. आत ओळीने कबरी, त्यावर जरीची वस्त्रं, उशाशी मोठमोठ्या पगड्या ठेवलेल्या. रूमींच्या वडिलांची लाकडी शवपेटी तर इतकी उंच की उभी राहिल्यासारखी वाटते, तिथले लोक सांगतात की मुलाला तिथे आणलं तेव्हा बाप आदराने उठून उभा राहिला. हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

बाजूला एक आजी दोन्ही तळवे उघडे धरून पुटपुटत होत्या आणि डोळ्यातून पाणी. मीपण नकळत हात जोडले, डोळे मिटले, आणि उघडले तर समोर काचेच्या कपाटात वस्तू, खाली माहितीची पाटी, सुरक्षारक्षक, सेल्फी काढणारी मुलं. एकदम ओशाळल्यासारखं झालं. बाहेर पाटीवर म्युझियम असंच लिहिलंय. मग हे दर्शनाचं ठिकाण की बघायचं? माझं चुकलं का? कुणी गेलं असेल तर सांगा प्लीज.

अंकारा_रिटर्न:
ताई काही चुकलं नाही. मी कामानिमित्त तीन वर्षं अंकाराला होतो, कोन्याला चारपाच वेळा गेलोय. त्याचं असं आहे की आधुनिक तुर्कस्तान उभा करणाऱ्या अतातुर्कच्या सरकारने 1925 मध्ये कायदा करून सगळे सूफी मठ आणि कबरींची ठिकाणं बंद केली, दर्वेशांचे म्हणजे सूफी फकिरांचे पंथच बेकायदेशीर ठरले, आणि 1927 ला ही वास्तू म्युझियम म्हणून परत उघडली. म्हणजे दार उघडं राहिलं ते म्युझियम झाल्यामुळेच. लोकांनी येणं काही सोडलं नाही. त्या पांढऱ्या घेरदार झग्यातल्या दर्वेशांची समा म्हणजे गिरक्यांची प्रार्थना, तीसुद्धा 1950 च्या दशकात सांस्कृतिक कार्यक्रम म्हणूनच परत सुरू झाली. म्हणून तिथे हे दोन्ही एकत्र दिसतं, कपाटंपण आणि आजींचे अश्रूपण. मला स्वतःला कायदा बरोबर की चूक यापेक्षा त्या आजी जास्त पटतात.

आणि ते ब्राँझचं मोठं भांडं बघितलंत का? नीसान तासी म्हणतात. एप्रिलमधल्या पावसाचं पाणी त्यात साठवायचे, मौलानांच्या पगडीचं टोक त्यात बुडवायचे आणि ते पाणी आजारी माणसाला द्यायचे. आपलं तीर्थच की हो.

उरूसवाला_मिरज:
मी कोन्याला गेलेलो नाही पण शब्दांच्या नादामुळे लिहितोय. रूमी 17 डिसेंबर 1273 ला गेले आणि तिथे त्या रात्रीला शेब-ई-अरूस म्हणतात, म्हणजे लग्नाची रात्र, कारण देवाशी मिलन झालं, त्यात रडायचं काय. आता आपल्याकडे दर्ग्याला काय भरतो? उरूस! मूळ अरबी उर्स, अर्थ लग्न. लहानपणापासून मिरजेच्या उरसाला जातोय, पाळणे, खाजा, गाणं, आणि हा शब्द लग्नाचा आहे हे मला चाळिशीत कळलं. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. त्यामुळे ताई तुम्हाला तिथे आपल्यासारखं वाटलं त्यात नवल नाही.

अजून एक, रूमी हे आडनाव नाही. अनातोलिया म्हणजे तुर्कस्तानचा आशियातला भाग, तो आधी रोमन, मग बायझंटाईन राज्यात होता म्हणून मुसलमान त्याला रूम म्हणायचे, तिथला तो रूमी. त्यांचा जन्म पार अफगाणिस्तानातल्या बल्खकडचा, पण आयुष्य कोन्यात गेलं. विजापूरची मुलूखमैदान तोफ निजामशाहीत नगरला 1549 मध्ये ओतली, ती ओतणारा रूमीखान, तोपण रूमकडचाच, तुर्क. आणि ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे रूमी गेल्यावर सतराच वर्षांनी. संबंध काही नाही, पण त्याच काळात तिकडे ते फारसीत आणि इकडे माऊली मराठीत सांगतायत हे मनात आलं की मला खूप बरं वाटतं.

घाटावरची_मीरा:
कबर बघून लगेच बस पकडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, कारताय मदरसा सोडू नका! 1251 चा आहे, अलाउद्दीन टेकडीच्या पायथ्याशी. घुमटाला आतून निळ्या आणि काळ्या टाइल्स, अक्षरशः चांदण्यांचं आभाळ, आणि मधोमध खाली पाण्याचा हौद. मी तासभर मान वर करून बसले होते. टेकडीवरच्या मशिदीतपण जा, आतले खांब जुन्या रोमन आणि बायझंटाईन इमारतींचे आणून उभे केलेत, एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नाही. वेळ असेल तर गाडी करून चाताल्होयुक, नऊ हजार वर्षांपूर्वीचं गाव, गल्ल्याच नाहीत, छतावरून शिडीने घरात उतरायचे आणि आपली माणसं घराच्या जमिनीखालीच पुरायचे.

खाण्याचं म्हणाल तर एतली एकमेक, हातभर लांब पातळ रोटी, वर खिमा. शाकाहारी असाल तर मसूर डाळीचं सूप सगळीकडे मिळतं, त्याला चोरबा म्हणतात, आपला शोरबाच.

माणदेशी_पाखरू:
सगळ्यांचे खूप खूप आभार. उरूस शब्दाचं वाचून आईला लगेच फोन केला. नीसान तासी मी बघितलं होतं पण नुसतं भांडं म्हणून पुढे गेले, आता हळहळ वाटतेय. कारताय मदरसापण राहिलाच. डिसेंबरात शेब-ई-अरूसला जायचं म्हटलं तर राहायची सोय किती आधी बघावी लागेल?

अंकारा_रिटर्न:
दोनतीन महिने तरी आधी बघा ताई, सगळ्या देशातून लोक येतात. आणि गाव हजार मीटर उंचीवर आहे, डिसेंबरात हाडं गोठतात. लोकरीचे मोजे दोन जोड जास्तीचे घ्या.