मदत हवी आहे : डेबियन ९ वरचं एकटं ॲप्ट नवं करता येईल का?

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दोन जुने संगणक आहेत. दोन्हींवर ३२ बिटवालं डेबियन ९ (विंडोजऐवजी वापरायची लिनक्स सिस्टीम), या आवृत्तीचं नाव स्ट्रेच. पोरं भरतीचे फॉर्म भरतात, पण ब्राउझर इतका जुना झालाय की निम्म्या साइट उघडत नाहीत.

सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्रॅम म्हणजे ॲप्ट; त्याला 'ॲप्ट अपडेट' दिलं की ओळीमागे ओळ ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही. वाटलं, ॲप्टच म्हातारं झालं (१.४ आहे). म्हणून डेबियन १२ मधली २.६ ची डेब फाइल (सॉफ्टवेअरचं पॅकेज) पेनड्राइव्हवर आणून ती बसवणाऱ्या डीपीकेजीला दिली, तर त्याने नवं लिबसी६ (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) मागितलं. तेही जबरदस्तीने कोंबणार, तेवढ्यात लाइन गेली.

नेट माझ्याच मोबाइलचं, दिवसाला दीड जीबी. यूपीएस दहा मिनिटांचा सोबती. सगळं पुसून नव्याने टाकायचं जिवावर येतं, प्रिंटर जुळवण्यातच मागे दोन दिवस गेले होते. काय करू?

उत्तर :
भाऊ, लाइनने वाचवलं तुम्हाले! लिबसी६ वर अख्खी सिस्टीम उभी राह्यते. अर्धवट बसलं असतं तर फाइलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस'ही चाललं नसतं. ॲप्टचा दोष नाही. स्ट्रेचची मुदत जून २०२२ मध्ये संपली, मग पॅकेजेस आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्गवर हलवली. १० चीही आता तिथंच आहेत. ॲप्ट कुठून पॅकेजेस आणते ते पत्ते सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलीत असतात, तिच्यात तो पत्ता टाका. ९ वरून १०, मग ११, मग १२. पायरी गाळू नका. ॲप्ट प्रत्येक पायरीवर आपोआप नवं होते. ११ ले (नाव बुल्सआय) त्याच फाइलीतल्या सिक्युरिटीच्या ओळीत 'बुल्सआय-सिक्युरिटी' लिहा, जुना 'स्लॅश अपडेट्स' चालत नाही; बरेच जण इथंच अडकतात. १३ च्या नादी लागू नका, त्यात ३२ बिटचं कर्नलच (सिस्टीमचा गाभा) नाही.

'फुल-अपग्रेड'ले 'डाउनलोड-ओन्ली' लावून आधी फक्त उतरवून ठेवा, बसवायचं लाइन टिकून असेल तेव्हा. मधेच गेलीच तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'.

धागाकर्ता :
पहिला १० वर आला. बसवताना दोनदा लाइन गेली, दोन्ही वेळा त्या कमांडने सावरलं. कॅशमधल्या (ॲप्टने उतरवून साठवलेल्या) डेब फाइली पेनड्राइव्हने दुसऱ्यावर टाकल्या, त्याला डेटा जवळपास लागलाच नाही. प्रिंटरही चालतोय. ११ चं डाउनलोड आज रात्री लावतो.