मदत हवी आहे: 150 सीसी एटीव्हीला 61 मिमीचे पिस्टन किट बसवावे का? (पाचगणी, चढावर ओढ कमी पडते)

सर्व सदस्यांना नमस्कार.

आमची शेती पाचगणीजवळ भिलारच्या बाजूला आहे. स्ट्रॉबेरीचे गादीवाफे उताराच्या खालच्या अंगाला आणि पॅकिंगची शेड वर, अशी जागेची रचना असल्यामुळे तोडणीच्या हंगामात भरलेले क्रेट रोज चढावरून वर आणावे लागतात. त्यासाठी आम्ही मागे छोटी ट्रॉली जोडलेली 150 सीसीची जुनी चिनी एटीव्ही (रुंद टायरांची चार चाकी शेतगाडी) वापरतो. ती शेताबाहेर रस्त्यावर कधीच नेत नाही, त्यामुळे पासिंगचा मुद्दा कृपया चर्चेत आणू नये.

रिकामी ट्रॉली असताना गाडी कुरकुर न करता चढते. परंतु दीडशे किलोच्या आसपास माल भरलेला असेल आणि दवाने लाल माती ओली झालेली असेल, तर शेडच्या अलीकडच्या वळणावर ती दम टाकते. इंजिन जोरात फिरत असल्याचे ऐकू येते, चाके मात्र जेमतेम हलतात आणि क्लच जळल्याचा वास येऊ लागतो. कव्हर काढून पाहिले तेव्हा क्लच बेलवर (क्लचच्या बाहेरच्या वाटीवर) सर्व बाजूंनी निळसर पट्टा उमटलेला दिसला. बेल्ट नवा आहे, बेल्ट ड्राइव्हचे रोलर गोल आहेत, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) 0.1 मिमीवर लावलेले आहेत आणि कॉम्प्रेशनही चांगले आहे. प्लगवर मात्र कोरडी काळी काजळी धरते.

इंजिन जीवाय 6 जातीचे, हवेवर थंड होणारे, 57.4 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 57.8 मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे) आहे, म्हणजे 149.6 सीसी. किट विकणाऱ्याने दोन पर्याय सांगितले आहेत. 58.5 मिमीचा सिलिंडर सरळ बसतो आणि काम हाफ इंजिनमध्ये (फक्त वरचा भाग उघडून) भागते, पण त्यातून मिळणारे 155 सीसी म्हणजे चार टक्क्यांचीही वाढ नाही. 61 मिमीच्या किटने 169 सीसी होतात; मात्र नवी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) आत जाण्यासाठी क्रँककेसचे तोंड लेथवर मोठे करावे लागते, म्हणजे क्रँक बाहेर काढून फुल इंजिन करणे आले. साताऱ्यातील लेथवाले हे काम करण्यास तयार आहेत, आणि त्यांच्या मते या इंजिनात एवढे वाढवणे काहीच नाही.

माझी शंका वेगळीच आहे. पाचगणीची उंची सुमारे 1300 मीटर आहे आणि या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण 12 टक्के विरळ असते, म्हणून इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. 61 मिमीच्या किटने सीसी वाढतात 13 टक्के. याचा अर्थ एवढा खर्च आणि खटाटोप करून हाती काय येणार, तर हीच गाडी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मुळात जेवढी ओढली असती तेवढी ओढ! तेवढ्याने आमचा चढ निघेल का, हेड आणि 24 मिमीचा कार्बोरेटर तेच ठेवले तर चालेल का, आणि सावकाश चढताना मोठे पिस्टन तापून धरण्याची (सिलिंडरमध्ये अडकण्याची) भीती किती, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद, कुपवाडहून

आपले गणित बरोबर आहे, पण आपल्या गाडीचा आजार पिस्टनमध्ये नसून गिअरिंगमध्ये आहे, असे आपण दिलेल्या लक्षणांवरून मला वाटते. इंजिन फिरते, चाके फिरत नाहीत आणि बेल निळी पडली आहे, म्हणजे ताकद क्लचमध्ये घसरून उष्णता होऊन वाया जाते आहे. एवढ्या कमी वेगात बेल्ट ड्राइव्ह (गिअरऐवजी बेल्टने गुणोत्तर आपोआप बदलणारी व्यवस्था) आधीच सर्वांत खालच्या गुणोत्तरावर असतो, त्याला आणखी खाली जाता येत नाही. अशा वेळी बोअर वाढवल्यास क्लचवरचा भार तेवढाच राहील, किंबहुना चालवणारा अ‍ॅक्सिलरेटर अधिक पिळेल आणि बेल लवकर जाईल.

पुढच्या स्प्रॉकेटचे (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात मोजा. समजा तिथे 15 दात असतील आणि आपण 13 दातांचे बसवले, तर चाकावरची ओढ 15 टक्क्यांनी वाढते, म्हणजे 61 मिमीच्या किटपेक्षाही थोडी जास्तच, आणि तीही इंजिन न उघडता. वरचा वेग त्या प्रमाणात कमी होईल, पण वाफ्यांच्या कडेने क्रेट नेणाऱ्या गाडीला वेग कशाला हवा? पुढे जागा नसेल तर मागचे स्प्रॉकेट मोठे लावावे. मात्र ते जमिनीपासून किती उंच राहते हे आधी पाहावे, कारण दगडावर आपटून चेन उतरण्याचा त्रास मी पाहिलेला आहे. बेल निळी पडली असल्यामुळे क्लचचे शू (बेलला घासून पकडणारे तुकडे) चकचकीत झाले आहेत का तेही बघा; झाले असतील तर नुसते घासून वेळ काढू नका, बदला.

काजळीविषयी. उंचीवर मिश्रण जाड होते (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), पण पंपावर हल्ली मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ते पातळ होते, त्यामुळे दोन्ही परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात. तरीही प्लग काळाच राहत असेल तर प्रथम एअर फिल्टर पाहावा आणि त्यानंतर कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एका नंबरने कमी करून पाहावा. गुदमरलेल्या इंजिनाला मोठे पिस्टन देऊन उपयोग नाही.

एवढे करूनही 61 मिमीच करायचे ठरले, तर हेड तेच ठेवल्यास कॉम्प्रेशनचे गुणोत्तर 9.2 वरून 10 च्या पुढे जाऊ शकते, म्हणून पिस्टनचा माथा सपाट आहे की खोलगट हे किट घेण्यापूर्वी पाहावे. विरळ हवेमुळे आपल्याकडे ठोके (मिश्रण वेळेआधी पेटून होणारा खडखडाट) येण्याची शक्यता खालच्या गावांपेक्षा कमी आहे, एवढी सवलत आहे. तोच कार्बोरेटर चालेल, फक्त जेट नव्याने लावावा लागेल. थंड करणारा पंखा क्रँकवरच असल्यामुळे सावकाश चढातही तो फिरत राहतो. पिस्टन धरतो तो बहुधा रिंगचे तोंड (रिंगच्या दोन टोकांमधील फट) न मोजता बसवल्यामुळे. या बोअरला ते पाव मिमीच्या आसपास असावे आणि प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजने मोजावी. क्रँककेस कापल्यावर तिच्यातील चुरा धुऊन काढण्याचे काम लेथवाल्यावर सोपवू नये, ते स्वतः करावे.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. पुढे 15 दातच आहेत, आणि फिल्टर उघडला तर फोमवर लाल धुळीचा लगदा बसलेला होता. तूर्त किटची मागणी थांबवली आहे. 13 दातांचे स्प्रॉकेट घेताना चेनच्या मापाखेरीज शाफ्टच्या खाचांचे मापही जुळवावे लागेल. जुने स्प्रॉकेट सोबत नेल्यास सांगली-मिरजेच्या बाजारात ते तयार मिळते का, की लेथवर करून घ्यावे लागेल?