अनुभव धागा: कोल्हापूर ते तिरुपती, विमानाने खरंच किती वेळ?

उजळाईवाडीकर: नवरात्रात तिरुमलाहून अंबाबाईला शालू येतो, त्याचा फोटो आज घरच्या ग्रुपवर आला आणि आईची वारी आठवली. २०१९ ला कोल्हापूर-तिरुपती विमान सुरू झालं तेव्हाची गोष्ट. सरळ रेषेत साधारण ६५५ किमी, तिकिटावर पावणेदोन तासांच्या आसपास. आईचे गुडघे पार गेलेले, हरिप्रिया रेल्वेचे वीसेक तास तिला झेपणारच नव्हते. "बालाजी राहिला बघ," एवढंच म्हणायची. विमानात बसल्यावर हात जोडले ते रेणिगुंट्याला, म्हणजे तिरुपतीच्या विमानतळावर, उतरेपर्यंत तसेच. तुमचेही अनुभव लिहा, पण वेळ घरापासून दर्शनापर्यंतचा सांगा.

मिरजेची सून: दादा, आईंना नमस्कार सांगा. आम्हाला गाडीच बरी. विमानतळ गाठायला तासभर, लवकर पोचा, मग बसून राहा. हरिप्रिया मिरजेवरूनच जाते. दशम्या, शेंगाची चटणी, हुबळी येईपर्यंत अख्खा डबा ओळखीचा होतो. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते

पंखावाला: एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ताशी ५०० किमीच्या आसपास जातं. म्हणजे नुसतं अंतर कापायला सव्वा-दीड तास. तिकिटावरची वेळ जाग्यावरून हलल्यापासून पुन्हा जाग्यावर थांबेपर्यंतची असते. चढणं, उतरणं, धावपट्टीला वळसा, सगळं त्यात आलं. एवढ्या अंतराला जेट असलं तरी फार वेळ वाचत नाही.

शाहूपुरी: पावसाळ्यात मात्र भरवसा नाही. ढग इतके खाली, घिरट्या घालून शेवटी हैदराबादला नेलं. बाबांच्या औषधाची पिशवी सामानात गेलेली, जीव नुसता टांगणीला. वयस्कर माणूस सोबत असेल तर औषधं हातातच ठेवा, कळकळीने सांगतोय.

उजळाईवाडीकर: बाप रे. आता बरे आहेत ना काका?

शाहूपुरी: हो हो, ठणठणीत. रोज रंकाळ्याला चक्कर असते.

कुडाळकर: आमचा सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ २०२१ ला झाला. मुंबईहून हवाई अंतर ३५० किमी, तास-सव्वातासात खाली. गणपतीत कोकणकन्येत उभ्याने रात्र काढलेल्यांना विचारा त्या तासाची किंमत. विमान रोज हवं, एवढंच मागणं.

मिरजेची सून: आले. रेणिगुंट्याहून वर तिरुमलाला किती वेळ लागतो? सासूबाईंना गाडी लागते

उजळाईवाडीकर: ताई, घाट धरून तास-सव्वा तास. घाटाच्या पायथ्याला, अलिपिरीला तपासणी असते, सामान उतरवावं लागतं. पुढे वळणं भरपूर, पुढच्या सीटवर बसवा. आणि दर्शनाची वेळ आधी घेऊन ठेवा, नाहीतर हवेत वाचलेले तास रांगेत जातात. आमचं दर्शन त्याच दिवशी संध्याकाळी झालं, आई रांगेत कुठं थकलीच नाही.

पंखावाला: लाडू हातसामानात घेऊ देतात का?

शाहूपुरी: आम्ही आणले, कुणी अडवलं नाही. डबा घट्ट लावा, तूप सुटतं.